शोध लागला, मग पुढे?

वाईट विज्ञान कादंबरीत पाऊस पडत नाही. वीज जात नाही, कुणाला ताप येत नाही, कुणी कुणाकडे उसने मागत नाही, आणि यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करायला येणारा माणूस कुठेच दिसत नाही. हिमालयातल्या गुप्त प्रयोगशाळेत शंभर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे राबतात, पण तिथे भाजी-मीठ कोण पोहोचवतो, हे लेखकाने स्वतःला कधी विचारलेले नसते. मला ते पहिल्याच प्रकरणात विचारावेसे वाटते. उत्तर मिळाले नाही की पुढची पाने जड होत जातात.

मी दारव्ह्याकडच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर यवतमाळला राहते आणि एका सार्वजनिक वाचनालयाला पुस्तके निवडायला मदत करते. शाळेत होते तेव्हा मुलांच्या वह्या यायच्या, आता छापील पुस्तके येतात. आर्णी, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, कुठून कुठून येतात. लिहिणाऱ्यांत कुणी पॉलिटेक्निकचा विद्यार्थी असतो, कुणी कृषी केंद्र चालवणारा, कुणी वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. पगार, शेती, घर सांभाळून ज्याने दोनशे पाने लिहिली, त्याच्या पुस्तकाला हसणे मला जमत नाही. पण त्याचे पुस्तक का पडले, हे त्याला कुणीच नीट सांगत नाही, आणि याचे मला वाईट वाटते. म्हणून हा लेख.

खाणीत आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी मंगळावरच्या खाणींची कादंबरी लिहिली होती. उघड्या खाणीत पावसाळ्यात पाणी कसे साचते, पंप बंद पडला तर शिफ्टचे काय होते, नुसता ढीग करून ठेवलेला कोळसा आतून तापून आपोआप कसा पेटतो, हे त्यांना तळहातासारखे माहीत. गप्पांत ते हे सगळे इतके रंगवून सांगत की चहा थंड व्हायचा. कादंबरीत मात्र मंगळावरचे खनिज ‘अत्याधुनिक किरणांनी’ क्षणात वर येते. एक मजूर नाही, एक अपघात नाही, हजेरीचे रजिस्टरही नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते ‘विज्ञान’ नव्हे, अशी कुणीतरी त्यांची समजूत करून दिलेली. मला वाटते, मराठीतल्या कितीतरी विज्ञान कादंबऱ्या याच समजुतीने मारल्या.

दुसरी खूण संवादांची. दोन शास्त्रज्ञ भेटतात. एक म्हणतो, ‘तुम्हाला माहीतच आहे, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो.’ दुसरा म्हणतो, ‘अर्थातच, आणि म्हणूनच आपले यान…’ दोघांनाही जे पाठ आहे ते दोघे एकमेकांना ऐकवतात, कारण लेखकाला ते आपल्याला ऐकवायचे असते. माणसे अशी बोलत नाहीत. फवारणीच्या पंपाचा नोझल चोंदला की दोन कास्तकार एकमेकांना दाब आणि क्षेत्रफळाचे नाते समजावत बसत नाहीत. एक म्हणतो, ‘काडी घाल.’ दुसरा म्हणतो, ‘तोंडानं फुकू नोको.’ या दुसऱ्या वाक्यात विज्ञान आहे, विषाचा धोका आहे, आणि एकाला दुसऱ्याची काळजी आहे हेही आहे. तीन शब्दांत एवढे मावते. तिकडे तीन पानांच्या व्याख्यानात एक माणूस उभा राहत नाही.

पुष्कळांना वाटते, विज्ञान कादंबरी फसते ती विज्ञान चुकल्यामुळे. चुका होतात, हे खरेच. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, पण पुस्तकांत ‘पाच प्रकाशवर्षे लोटली’ अशी वाक्ये येतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाते, त्या वेगाने तिथे पोहोचायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. आपला नायक सकाळी निघून संध्याकाळी परत येतो. अशा ठिकाणी मी लाल पेन्सिलीने खूण करते आणि पुढे वाचते. चुकीच्या विज्ञानाने कादंबरी मरत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा ज्यूल व्हर्न आहे.

व्हर्नने १८६५ मध्ये चंद्रावर माणसे पाठवली ती तोफेतून. फ्लोरिडात ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओतली, तिच्यात ४ लाख पौंड स्फोटक भरले आणि गोळ्याच्या आत माणसे बसवली. गणित केले तर बार उडताच आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येतो. त्यांचा चेंदामेंदा व्हायला हवा. म्हणजे कादंबरीचा पायाच चुकीचा. तरी दीडशे वर्षांनंतरही ती वाचली जाते. का? कारण व्हर्न प्रत्येक गोष्टीचा हिशेब देतो. वर्गणी कोणत्या देशातून किती आली, ओतकामाच्या भट्ट्या किती, तोफ टेक्सासात व्हावी की फ्लोरिडात यावरून दोन राज्यांत जुंपलेले भांडण, सगळे तिथे आहे. ते भांडण वाचताना आपल्याकडे धरण कुठे बांधायचे यावरून दोन तालुक्यांत होणारी ओढाताण आठवते. धक्क्याचा प्रश्नही त्याला पडलेला होता. त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर आणि फुटत जाणाऱ्या फळ्या घातल्या. उपाय अपुरा आहे, पण प्रश्न विचारलेला आहे.

आणि ते स्फोटक कोणते? व्हर्नने साधी दारू वापरलीच नाही. नायट्रिक आम्लात भिजवून तयार केलेला कापूस, गनकॉटन, त्याने वापरला. दहावीच्या वर्गात मी हे सांगितले की मागच्या बाकावरची मुले ताठ बसायची. आपल्या वावरातल्या कापसावर माणसे चंद्राला निघाली! त्यांचा पहिला प्रश्न हमखास असायचा, ‘बाई, किती क्विंटल लागला असंन?’ ४ लाख पौंड म्हणजे सुमारे १८०० क्विंटल. मग हिशेब सुरू. किती एकरांचा, किती गाड्या, जिनिंगला किती दिवस. कादंबरी वाचणे म्हणजे हेच ना? लेखकाने जग एवढे घट्ट विणावे की वाचणाऱ्याला त्यात आपला हिशेब मांडता यावा.

मराठी विज्ञानकथेची सुरुवातही याच वाटेने झाली. कृष्णाजी नारायण आठल्ये संपादित करत असलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास व्हर्नच्या याच चंद्रप्रवासाचे ‘चंद्रलोकची सफर’ हे मराठी रूप क्रमशः आले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. आमच्या पिढीने धूमकेतू पहिल्यांदा पाहिला तो ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मध्ये.

व्हर्नच्या अगदी उलट टोकाला ह्यूगो गर्न्सबॅक. लक्झेंबर्गमधून अमेरिकेत गेलेला हा विजेच्या उपकरणांचा व्यापारी आणि संपादक. १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले, आणि १९५३ पासून दिला जाणारा विज्ञानकथेचा मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार त्याच्याच नावाचा. या माणसाने स्वतः एक कादंबरी लिहिली: ‘राल्फ १२४सी ४१+’. १९११ पासून ती ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ या त्याच्याच मासिकात आली. काळ इसवी सन २६६०. त्याची दूरदृष्टी थक्क करणारी आहे. समोरच्याचा चेहरा दिसणारा दूरध्वनी त्यात आहे, आणि लहरी पाठवून त्यांच्या परावर्तनावरून दूरच्या यानाचा ठाव घेणारे, म्हणजे आपण आज ज्याला रडार म्हणतो तसे उपकरणही आहे; रडार प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी.

आणि तरीही ती कादंबरी वाचवत नाही. राल्फ नावाचा महान शास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये बसून स्वित्झर्लंडमधल्या मुलीला हिमकड्यापासून वाचवतो. मग तिला शहर दाखवायला नेतो. ती विचारते हे काय, तो सांगतो ते काय. पुन्हा ती विचारते, पुन्हा तो सांगतो. मधेच खलनायक तिला पळवतो, एक मंगळवासीही पळवतो, ती मरते, राल्फ तिला परत जिवंत करतो. मृत्यूसुद्धा तिथे कुणाला महाग पडत नाही. भविष्य अचूक सांगणे आणि कादंबरी लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या एका पुस्तकाइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. रडारचा अंदाज बरोबर निघाला म्हणून राल्फचे पात्र जिवंत झाले नाही. उलट एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस विज्ञानाच्या दृष्टीने अशक्यच, पण वेल्स त्याला सोडत नाही. अदृश्य व्हायचे तर कपडे काढायला हवेत, मग थंडीचे काय? जेवले तर पोटातले अन्न पचेपर्यंत लोकांना दिसणार. बर्फ अंगावर साचून आकार उमटणार, चिखलात पाय उठणार. १८९७ मधली ही कादंबरी वाचताना मला त्या माणसाची हाडे गारठलेली जाणवतात. एकच चमत्कार, आणि मग त्याची किंमत पानोपानी वसूल.

कादंबरी घाईनेही मरते. इंग्लंडमध्ये लायनेल फॅनथॉर्प नावाच्या लेखकाने १९५० आणि ६० च्या दशकांत बॅजर बुक्स या स्वस्त पुस्तकांच्या प्रकाशनासाठी दीडशेच्या वर पुस्तके लिहिली. पुष्कळदा मुखपृष्ठ आधी तयार असे, त्याला साजेशी कथा नंतर. तो टेपरेकॉर्डरवर बोलत जाई, घरची मंडळी टंकलिखित करत जात. शनिवार-रविवारात एक कादंबरी तयार. पाने ठरलेली. कमी पडली तर एकाच अर्थाचे पाच-सहा शब्द ओळीने, आणि पाने संपत आली असे कळले की परग्रहावरचे महायुद्ध दोन परिच्छेदांत खलास. पोटासाठी लिहिणाऱ्याबद्दल मला राग नाही. पण शेवटच्या चार पानांत जगबुडी थांबवणारी जी हस्तलिखिते माझ्याकडे येतात, त्यांच्या लेखकांवर तर पानांचे बंधनही नसते. त्यांच्यापाशी वेळ आहे. त्यांच्यापाशी संपादक नाही.

याबाबत अमेरिकेत एक विलक्षण प्रकार घडला. पब्लिश अमेरिका नावाची संस्था आपण पुस्तके पारखून घेतो असे म्हणायची आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना कमी लेखायची. तेव्हा विज्ञानकथा-लेखकांच्या एका गटाने मुद्दाम शक्य तितकी वाईट कादंबरी मिळून लिहिली: ‘अटलांटा नाइट्स’. मेलेले पात्र परत येते, एक प्रकरण गायबच आहे, एक प्रकरण संगणकाच्या प्रोग्रॅमने शब्द जुळवून काढलेले. संस्थेने ती स्वीकारली. २००५ च्या जानेवारीत लेखकांनी गुपित फोडल्यावर स्वीकृती मागे घेतली गेली. स्वीकारण्यापूर्वी कुणी ती वाचलीच नव्हती, हे मात्र उघड झाले.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पैसे भरून कादंबरी छापून घेतली. त्या प्रकाशकाने हस्तलिखित जसेच्या तसे छापले. एका पानावर नायिकेचे वडील वारलेले, चाळीस पानांनी तेच तिच्या लग्नात अक्षता टाकतात. मुलाने कर्ज काढले होते. पुस्तकाची खोकी अजून त्याच्या घरी आहेत. त्याच्याकडे कल्पना चांगली होती, खरोखर चांगली. कुणीतरी शाईचे पेन घेऊन त्याच्याशेजारी दोन महिने बसायला हवे होते. आता यंत्रेही गोष्टी लिहू लागली आहेत. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाला २०२३ च्या फेब्रुवारीत यंत्राने लिहिलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की संपादकांनी काही काळ नव्या कथा घेणेच थांबवले. ‘अत्याधुनिक किरण’ आणि ‘तुम्हाला माहीतच आहे’ ही वाक्ये यंत्राला आपल्यापेक्षा लवकर सुचतात. खाणीतला बंद पडलेला पंप त्याच्या गाठीशी नाही.

मराठीत विज्ञानकथेचे काम नीट कसे होते, त्याचा दाखला आपल्या घरातच आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तिच्यात ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक: नारायण विनायक जगताप. हे नाव खोटे होते. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासोबत विश्वरचनेवर काम केलेल्या शास्त्रज्ञाने आपले नाव बाजूला ठेवले, कारण कथा कथा म्हणून उभी राहते का, हे त्यांना पाहायचे होते. मला याचे फार मोल वाटते. आजच्या कित्येक पुस्तकांत लेखकाच्या पदव्याच मुखपृष्ठावर आधाराला घेतलेल्या असतात. १९७९ मध्ये नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मी वर्गात सांगत असे. आरशातल्या प्रतिमेसारखी डाव्या-उजव्याची उलथापालथ ही कल्पना भूमितीची आहे, सहज रुक्ष होऊ शकली असती. नारळीकरांनी ती आणली क्रिकेटच्या मैदानावर, गोलंदाजाच्या हातातून, आणि देवघरातल्या गणपतीच्या सोंडेतून. आठवीतला मुलगा फळ्यावरची आकृती विसरतो, गोलंदाजाचा हात विसरत नाही.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी हीच परंपरा पुढे नेली आणि दिवाळी अंकांत विज्ञानकथेला हक्काची जागा मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. नाशिकच्या ज्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, ते २०२१ मधले. एक विज्ञानकथाकार संमेलनाध्यक्ष होतो, याचा आम्हा विज्ञानशिक्षकांना किती आनंद झाला होता!

एक तक्रार मात्र मला मोकळेपणाने करायची आहे. आमच्याकडे येणाऱ्या कादंबऱ्यांत शास्त्रज्ञ पुरुष असतो आणि बाई असते ती त्याची सुंदर सहायिका. तिचे काम प्रश्न विचारणे, घाबरणे आणि शेवटी लग्न करणे. हे लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या मुली बीएस्सीला असतात. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची हकिकत यांना कुणी सांगितली नाही काय? १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. नंतर नीरा या पेयातल्या पोषणावर संशोधन केले आणि मराठी घरांसाठी ‘आहारगाथा’ लिहिली. अटींवर प्रयोगशाळेत शिरलेली मुलगी रोज सकाळी ते दार उघडताना काय विचार करत असेल? या एका प्रश्नापुढे अंतराळयानातल्या दहा सहायिका फिक्या आहेत.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. विज्ञान कादंबरी शोधापाशी सुरू होते. वाईट कादंबरी तिथेच संपते. शोध लागला, टाळ्या पडल्या, पडदा. मला विचारायचे असते: मग पुढे? तो शोध ज्याच्यासाठी केलाच नव्हता अशा माणसाच्या हातात पडल्यावर काय झाले?

आमच्या जिल्ह्याने ही कादंबरी जगून पाहिली आहे. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातला, पान खाताच अळी मरावी म्हणून. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना देशात परवानगी मिळाली. १९८० मध्ये कुणी ही कल्पना कादंबरीत लिहिली असती तर लोकांनी तिला अचाट म्हटले असते. आणि वाईट लेखकाने शेवट काय केला असता तेही मला ठाऊक आहे: बोंडअळी संपली, गावात मिरवणूक निघाली.

प्रत्यक्षात ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट यायचे. बिगर-बीटी बियाण्याचे. नियम असा की ते वावराच्या कडेने लावायचे, म्हणजे तिथल्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग विष पचवू लागलेल्या पतंगांशी संकर करतील आणि अळीत प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण ज्याचे वावर तीन एकर, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, त्याला तुम्ही सांगता आहात की चार-पाच ओळी अळीला जेवायला सोड. त्याने ते पाकीट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकून दिले. मी धुऱ्यावर पडलेली, पावसाने भिजलेली ती पाकिटे पाहिली आहेत. त्यात मला शास्त्रज्ञही खोटा वाटला नाही आणि कास्तकारही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि कादंबरी अशाच जागी जन्माला येते.

मग अळीने वाट काढली. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ मध्ये ती विदर्भात अशी आली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, पाहवत नव्हती. मुले डोमकळ्या वर्गात घेऊन यायची. डोमकळी म्हणजे न उमललेले फूल. पाकळ्या वरच्या टोकाला अळीच्या धाग्यांनी शिवल्यासारख्या मिटलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. बोटाने उलगडली की आत अळी. पुढच्या महिन्यात मुले बोंडे आणू लागली. बाहेरून हिरवी, टणक, निरोगी. फोडली की सरकीला भोक आणि कापूस पिवळा, डागी. बाजारात त्याला कवडी म्हणतात आणि भावही तसाच देतात. कुणी उन्हाळ्यापर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झालेली जुनी पऱ्हाटी, ठेवलेली, त्यामुळे अळीला बारमाही घर मिळालेले. त्याच २०१७ च्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याहून उंच वाढली, उकाडा होता, आणि वेगवेगळी औषधे एकत्र मिसळून फवारणी करणाऱ्या मजुरांना विषबाधा झाली. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. अळीसाठी फवारावे लागू नये म्हणून आलेले बियाणे, आणि फवारताना माणसे मेली. कोणत्या परग्रहावर जायची गरज आहे आपल्याला?

गोष्ट तिथेही थांबत नाही. तणनाशकाला दाद न देणाऱ्या बियाण्याला सरकारची परवानगी नाही, तरी ते गावोगाव पोहोचले. लोक त्याला चोर बीटी म्हणतात. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. म्हणजे बियाण्यासाठी कायदेभंग! आणि निंदणाला जाणाऱ्या बायांची मजुरी कमी झाली, ती कुणाच्या कादंबरीत आली? २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झाले, उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले. त्या दिवशी मंडपात बसून मी विचार करत होते की ग्रंथप्रदर्शनात विज्ञानाची पुस्तके वेगळ्या गाळ्यात आणि शेतीच्या कादंबऱ्या वेगळ्या गाळ्यात का ठेवतात. या बाईंच्या आयुष्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

सध्या माझ्याकडे नेर तालुक्यातल्या एका बारावीतल्या मुलीची वही आहे. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळतो, अशी तिची कथा. केंद्र सरकारची ड्रोन दीदी योजना तिने पेपरात वाचली होती. पहिल्या खर्ड्यात ड्रोन उडाला, सरपंचांनी हार घातला आणि कथा संपली. मी समासात एकच प्रश्न लिहिला: आधी पंपाला पाणी कोण वाहायचे?

ती आईला विचारून आली. फवारणीच्या दिवसांत विहिरीवरून पाणी वाहून द्यायला बाया लागतात, तिची आईच जाते. ड्रोनला एकरी दहा लिटरच्या आसपास पाणी पुरते. म्हणजे ड्रोन आला आणि आईची रोजी गेली. आणि ड्रोन चालवणारी दीदी तिची मावशीच! दुसऱ्या खर्ड्यात त्या दोघी बहिणी बोलत नाहीत. तिसऱ्यात मुलीने आणखी एक गोष्ट शोधली. पाणी कमी म्हणजे औषध जास्त कडक, आणि वारा असला तर ते शेजारच्या वावरावर जाते. शेजारी बरबटी (चवळीच्या शेंगा) लावलेली, तोडणीला आलेली. मावशीला हे कळले आहे, शेजारणीला नाही. मावशीने सांगितले तर गटाचे काम बंद पडते, ड्रोनचे हप्ते थकतात.

इथे येऊन ती अडली आहे. तिने मला फोन करून विचारले, बाई, आता ही बरबटी बाजारात जाऊ देऊ का? मी सांगितले, ते तू ठरव. पण त्याआधी बाजाराचा वार कोणता, बरबटी तोडून पहाटे किती वाजता निघावे लागते, आणि त्या दिवशी वारा कुठून होता, एवढे पक्के कर. ती उद्या कृषी सहायकांना भेटायला जाणार आहे, आणि परवा आईसोबत बाजारात.